खाऱ्या गाळातले परागकण: कच्छच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

कच्छच्या आखातातल्या चिखलाची माझी पहिली स्लाइड मी अजून जपून ठेवली आहे. तीत एकही परागकण नाही. आहेत त्या नुसत्या सुया, काचेसारख्या चकचकीत, गवताच्या पेंढीसारख्या जुडग्यांनी पडलेल्या. आठ दिवस खपून मी जे वेगळं काढलं होतं ते कॅल्शियम सल्फेट निघालं, आणि तेही चिखलातलं नव्हे, माझ्याच हातून नळीत तयार झालेलं. चूक कुठे झाली ते धुण्याच्या भागात सांगतो.

गाळात अडकलेल्या परागांवरून पूर्वीचं रान वाचायला निघालेल्या, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकलेल्या, सूक्ष्मदर्शक वापरता येणाऱ्या, पण कोरड्या किनाऱ्यावरचा गाळ कधी न हाताळलेल्या माणसाला समोर ठेवून हे लिहितोय. कोकणातल्या खाजणाचा चिखल हाताळलेला असेल तर उलट जास्त सावध राहा. तिथे एक-दोन ग्रॅम गाळात स्लाइड भरून परागकण मिळतात, त्यामुळे इथेही तसंच होईल असं वाटतं. कच्छात वर्षाचा पाऊस जेमतेम ३५०-४०० मिलिमीटर. झाडोरा विरळ, म्हणून मुळात पराग कमी पडतात. जे पडतात ते भिजतात, वाळतात, पुन्हा भिजतात. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं. भल्याभल्या आम्लांना ते दाद देत नाही, पण हवेतल्या ऑक्सिजनपुढे आणि सततच्या ओल्या-सुक्यापुढे टिकत नाही. वर मीठ, जिप्सम (म्हणजे कॅल्शियम सल्फेटच) आणि शिंपल्यांचा चुरा. थोडक्यात, शोधायचं ते कमी आणि आड येणारं पुष्कळ.

जागा: नाकाचा भरवसा धरा

पांढऱ्या मिठाचा पापुद्रा असलेली, पायाखाली करकर वाजणारी सपाट जमीन फोटोत छान दिसते, परागांसाठी ती बहुधा वाया. पिवळट-तपकिरी गाळ आणि त्यात गंजाचे ठिपके, म्हणजे हवा आत खेळलेली आहे, पुढे चला. आपल्याला पाहिजे असतो तो काळपट-करडा, चिकट, हात घातल्यावर सडक्या अंड्याचा वास सोडणारा चिखल. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे आत ऑक्सिजन नाही. भरतीच्या खाड्यांचे तळ, खारफुटीतल्या तिवरांच्या मागचे सखल भाग, वाळूच्या टेकाडांमधली जुनी डबकी, अशा जागा बघा.

खेकड्यांची बिळं मोजून घ्या. बीळ म्हणजे वरचा आजचा पराग हातभर खाली पोचवणारी लिफ्ट. गाळाचे थर बारीक रेघांसारखे शाबूत दिसत असतील तर तिथे बिळं कमी झाली असं धरायला हरकत नाही.

परवानगीचं काम आधी. तिवरांची राखणदारी वनखात्याकडे असते, जामनगरच्या बाजूला सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि कोरी खाडीकडचा भाग सीमेलगतचा. पत्र हातात आल्याशिवाय गाडी काढू नका. आखाताच्या टोकाकडे भरती-ओहोटीतला फरक सात मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे भरतीचं वेळापत्रक आणि स्थानिक मच्छीमार दोन्ही बरोबर हवेत. ओहोटी लागली की पाण्यामागोमाग आत जायचं आणि पाणी तळाला टेकलं की काम कुठेही असो, परतायचं. कमरेएवढ्या चिखलात अडकल्यावर विज्ञान सुचत नाही.

नमुना काढणं

मऊ चिखलासाठी अर्ध्या नळीसारखा फिरवून बंद होणारा रशियन कोअरर उत्तम. तो नसेल तर तीन इंची पीव्हीसी पाइप ठोकून घालता येतो, पण पाइपात चिखल दबतो. पाइप आत गेल्यावर बाहेरच्या चिखलाची पातळी आणि आतली पातळी दोन्ही मोजून लगेच लिहा. घरी आल्यावर ‘साधारण दहा सेंटिमीटर दबला असेल’ या वाक्याला काही किंमत नसते. उघड्या कडेवरून नमुने घ्यायचे असतील तर वरचा पापुद्रा सुरीनं आडवा खरवडा, उभा नव्हे, नाहीतर एका थराचा माल दुसऱ्यावर सारवला जातो. आणि नमुने खालून वर घ्या, म्हणजे सांडणारा चुरा आधीच घेतलेल्या जागेवर पडतो.

चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहून दोन पिशव्यांच्या मधे ठेवा. खाऱ्या ओलीत मार्करची शाई दोन दिवसांत पसरते. नमुने उन्हात वाळवू नका. ओलेच, गुंडाळून, फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास ठेवा. आणि कोअरची, म्हणजे नळीतून निघालेल्या गाळाच्या उभ्या दांड्याची, लांबीत अर्धी फाक मुळीच हात न लावता बाजूला ठेवा.

त्याच फेरीत आजचे नमुनेही आणा, हे नवखे हमखास विसरतात. दहा बाय दहा मीटरच्या तुकड्यात पंधरा-वीस ठिकाणची चिमूटभर वरची माती एकत्र करायची आणि आजूबाजूला कोणती झाडं किती आहेत ते लिहायचं. तिवरांत एक, मागच्या खारट मैदानात एक, वेड्या बाभळीच्या रानात एक, गावाजवळ एक. आज डोळ्यांसमोर उभं असलेलं रान मातीत कसं उमटतं हे कळल्याशिवाय तीन हजार वर्षांपूर्वीचं रान वाचायला जाणं म्हणजे बाराखडी सोडून पोथी उघडणं.

प्रयोगशाळा: सगळा खेळ धुण्यात

कोरड्या किनाऱ्याचा गाळ असेल तर दहा ते वीस ग्रॅमपासून सुरुवात करा. त्याच थराचा छोटा तुकडा वेगळा वजन करून १०५ अंशांवर वाळवा, म्हणजे कोरड्या वजनाचा हिशेब मिळेल. त्या कोरड्या वजनात मीठही आलेलं असतं, हे लक्षात असू द्या.

आता लायकोपोडियमच्या गोळ्या. ही युक्ती १९७१ पासून रूढ झाली. लायकोपोडियम या वनस्पतीचे ठरावीक संख्येचे बीजाणू असलेली गोळी नमुन्यात टाकायची. शेवटी स्लाइडवर ते बीजाणू किती सापडले यावरून मूळ गाळात पराग किती होते ते काढता येतं. एका गोळीत सरासरी किती बीजाणू आहेत ते डबीवर लिहिलेलं असतं आणि दर खेपेच्या मालाचा आकडा वेगळा असतो. बरेच जण या गोळ्या आम्लाच्या पायरीला टाकतात, कारण त्या आम्लात विरघळतात. खाऱ्या गाळात मी तसं करत नाही. मीठ धुताना जे पराग वाहून जातील त्यांची नोंद मग कोण ठेवणार? गोळ्या छोट्या बीकरमध्ये थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून घ्या आणि धुणं सुरू करण्याआधीच चिखलात मिसळा. मग पराग सांडले तरी त्याच प्रमाणात बीजाणूही सांडतील.

मीठ असं धुवा. लिटरभराच्या बीकरमध्ये ऊर्ध्वपातित पाण्यात चिखल कालवा आणि बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी गंमत दिसेल: तासाभरात गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी काचेसारखं नितळ होतं. नवख्याला वाटतं, झालं स्वच्छ. खरं तर हीच मीठ भरपूर असल्याची खूण. मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळे करतात आणि पटकन बसतात. वरचं पाणी नळीनं अलगद काढा, नवीन घाला, ढवळा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला निवळ यायला रात्र लागते. मग एक दिवस सकाळी येऊन बघावं तर बीकर भाताच्या पेजेसारखा गढूळच आहे. मीठ गेलं. खात्रीसाठी वरचं थोडं पाणी नळीत घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइड अजून आहे, पुन्हा धुवा. गढूळपणा टिकू लागल्यावर मात्र ओतून धुणं थांबवा आणि सेंट्रिफ्यूज वापरा, नाहीतर गढूळ पाण्याबरोबर मालही मोरीत जाईल.

पुढची पायरी दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, शिंपल्यांचा चुना घालवायला. थेंबाथेंबानं, मोठ्या भांड्यात. फेस उतू जाऊ लागला तर अल्कोहोलचे दोन-चार थेंब टाका, लगेच बसतो. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत आम्ल घालत राहायचं. इथपर्यंत मीही बरोबर केलं होतं. त्यानंतर मी नळी एकदाच धुतली. आत कॅल्शियम राहिलं, आणि पुढे गंधकाम्ल असलेलं मिश्रण घातल्याबरोबर त्याचं कॅल्शियम सल्फेट झालं. त्या सुया त्याच. गंधकाम्ल न वापरता वाळू आणि पराग वेगळे करणारं टंगस्टेटचं जड द्रव वापरलं असतं तर कॅल्शियम टंगस्टेटचा पांढरा साका पडला असता आणि महागडं द्रव बिघडलं असतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं असतं तर कॅल्शियम फ्लोराइड. म्हणून चुना गेल्यावर किमान तीन-चार वेळा ऊर्ध्वपातित पाण्यानं धुवा. गाळात मुळातच जिप्सम असेल तर आणखी धीर धरा: ते लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, त्यामुळे भरपूर पाण्याच्या खूप फेऱ्या हाच उपाय.

कॉस्टिक पोटॅशची पायरी, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय रंगासाठी दहा टक्के द्रावणात पाचेक मिनिटं गरम करणं, तिवरांच्या काळ्या चिखलाला लागते. उघड्या मैदानातल्या गाळाला सहसा लागत नाही.

मग चाळणं. १५० मायक्रॉनच्या जाळीवर जाडं राहतं, ते फेकू नका. त्यात कोळशाचे तुकडे आणि बिया असतात. खाली गेलेला माल १० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीवर धुतला की चिकणमाती निघून जाते. आता उरतात वाळूचे बारीक कण आणि पराग. वाळूची घनता २.६५ च्या आसपास, परागांची दीडच्या जवळपास. दोन ते २.२ घनतेच्या जड द्रवात वाळू बुडते, पराग तरंगतात. द्रव तयार केल्यावर १० मिलिलिटर मोजून वजन करा. २० ग्रॅमच्या खाली भरलं तर आणखी दाट करा. सोडियम पॉलीटंगस्टेट महाग पडतं, पण गाळून पुन्हा वापरता येतं आणि झिंक ब्रोमाइडपेक्षा हाताळायला सुखाचं. सेंट्रिफ्यूजच्या समोरासमोरच्या नळ्या तराजूवर जुळवून घ्या.

हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. जुन्या पद्धतीत वाळू त्यानंच विरघळवतात आणि काम होतंही झकास. पण ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचतं, आणि पातळ द्रावण असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. योग्य फ्युम हूड, कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल आणि शेजारी अनुभवी माणूस, यातलं एक जरी नसेल तर जड द्रवावर भागवा.

अ‍ॅसिटोलिसिस, म्हणजे नऊ भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड आणि एक भाग तीव्र गंधकाम्ल, हे परागशास्त्राचं पेटंट औषध. त्यानं परागाच्या आतलं सगळं जातं आणि कवचावरची नक्षी उठून दिसते. हे मिश्रण पाण्याशी भडकतं, म्हणून आधी आणि नंतर ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लानं नळी धुणं सक्तीचं. झाडावरून आणलेल्या आजच्या परागांना ते जरूर द्या. किनाऱ्याच्या गाळाला मात्र अर्ध्याच भागाला द्या, अर्धा तसाच ठेवा. डायनोफ्लॅजेलेट या पाण्यातल्या एकपेशी जिवांच्या काही पातळ कोष्ठांना हे औषध मानवत नाही, आणि किनाऱ्यावर तर त्यांनाच साक्षीला बोलवायचं असतं. शिवाय औषध न दिलेल्या भागात आत जीवद्रव्य शिल्लक असलेला पराग दिसला तर तो कालपरवाचा, म्हणजे खिडकीतून किंवा तुमच्या सदऱ्यावरून आलेला, हेही कळतं.

मोजणी

साका ग्लिसरीन किंवा सिलिकॉन तेलात घ्या. ग्लिसरीनमध्ये कण काळानं फुगतात, पण शिकताना ते चालतं: कव्हरस्लिपवर सुईनं हलकं टिचकलं की कण लोळतो आणि सगळ्या बाजूंनी बघता येतो. ४०० पट मोठं करून मोजा, अडलेल्यासाठी १००० पट आणि तेल.

किमान ३०० परागकण मोजावेत असं शिकवतात. इथे अनेक थरांत ते होणारच नाही. मग थांबायचं कधी? माझा नियम असा: ५०० लायकोपोडियम मोजून होईपर्यंत ३०० पराग झाले नाहीत तर थांबायचं, आकडा लिहायचा आणि त्या थराचे टक्के काढायचे नाहीत. समजा २० ग्रॅम कोरड्या गाळात एकूण २०,००० बीजाणू टाकले होते. स्लाइडवर ५०० बीजाणू मिळाले आणि पराग १५०. १५० गुणिले २०,००० भागिले ५०० म्हणजे ६०००. २० ग्रॅमने भागल्यावर ग्रॅमला ३००. फारच कमी. पराग पडलेच नाहीत की पडून कुजले? यासाठी प्रत्येक कणापुढे त्याची अवस्थाही लिहा: शाबूत, फाटका, चुरगळलेला, कुरतडलेला, ओळखू न येणारा. बहुतेक कण कुरतडलेले असतील आणि उरलेले सगळे जाड कवचाचे असतील, तर तुम्ही रान मोजत नाही आहात, कवचाची जाडी मोजता आहात.

स्लाइडवर कोण कोण भेटतं

बुंदीच्या झाऱ्यासारखी सगळीकडे भोकं असलेला गोल चेंडू: चाकवत-माठाच्या कुळातले पराग. किनाऱ्यावरची सुएडा याच घरातली. एकच भोक असलेला गुळगुळीत गोल: गवत. सोळा कण घट्ट चिकटून झालेला लाडू: बाभूळ. दोन्ही बाजूंना फुगे असलेला: चीड, म्हणजे पाइन, जो हिमालयातून वाऱ्यावर आलाय. तिवराचा पराग जाळीदार नक्षीचा, तीन फटींचा. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचा त्याहून लहान आणि बराच गुळगुळीत.

परागांखेरीज जे दिसतं ते कोरड्या किनाऱ्यावर कधी कधी जास्त बोलकं असतं. जिलबीसारखं तपकिरी वेटोळं दिसलं तर ते फोरॅमिनिफेर या समुद्री एकपेशी जिवांचं आतलं अस्तर. चुन्याचं कवच आम्लात गेलं, अस्तर राहिलं. म्हणजे समुद्राचं पाणी इथे येत होतं. करवतीसारखे दाते असलेले काळे तुकडे म्हणजे सागरी कृमींचे जबडे. बोट्रिओकॉकस किंवा पेडियास्ट्रम या शेवाळांच्या वसाहती दिसल्या तर गोडं पाणी. ग्लोमस या बुरशीचे बीजाणू वाढले तर वरची माती धुऊन येत होती. स्पोरोर्मिएला ही शेणावर वाढणारी बुरशी, म्हणजे गुरं. (कच्छचे खाराई उंट पोहत जाऊन तिवरं चरतात आणि कोरड्या जमिनीवर येऊन लेंड्या टाकतात. अशा जागी तिवराचा पराग सापडला तर तो उंटाच्या पोटातून आलाय का, असा प्रश्न मी एकदा गंभीरपणे वहीत लिहिलाय.)

ओळख पटवायला स्वतःच्या हातानं पन्नासेक झाडांच्या स्लाइड बनवा. छायाचित्रांवरून हा विषय येत नाही. लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था ही या विषयाची आपल्याकडची मुख्य पेठ. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र, दोन्हीकडे वनस्पतिसंग्रह आहेत. झाडाचं नाव पक्कं करायला उपयोगी.

अर्थ लावताना पाय घसरतो तो इथे

चाकवत कुळाचे पराग वाढले की ‘हवामान कोरडं झालं’ असं लिहायचा मोह होतो. वाळवंटाच्या आत ते कदाचित खरं असेल. किनाऱ्यावर तेच पराग भरतीच्या खारट मैदानातूनही येतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. समुद्र जवळ आला तरी वाढतील, पाऊस आटला तरी वाढतील. बरोबर जिलबीची वेटोळी आणि डायनोफ्लॅजेलेट वाढले असतील तर समुद्राकडे बोट दाखवा. ते घटले असतील तरच कोरड्या हवेचा विचार करा. आणि समुद्र आला म्हणजे पातळी चढली असंही नाही. १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात एक पट्टा वर उचलला गेला, तोच अल्लाबंद, आणि सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. इथे जमीनही हलते.

कांदळ वाऱ्यावर भरपूर पराग सोडतो, तिवर कीटकांच्या भरवशावर थोडे. म्हणून कांदळाचे दहा टक्के आणि तिवराचे तीन टक्के यावरून कांदळ जास्त होता असं म्हणता येत नाही. इथेच ते आजचे मातीचे नमुने कामाला येतात. पाइनचा टक्का वाढला तर आधी एकूण संख्या बघा. स्थानिक पराग घटले की पाहुणे आपोआप जास्त दिसतात. सिंधूच्या मुखाकडून प्रवाहाबरोबर गाळ आखातात येतो, त्याबरोबर तिकडचे परागही.

वेडी बाभूळ मूळची अमेरिकेची, भारतात आली एकोणिसाव्या शतकात. तिचा पराग कोअरमध्ये वरच्या थरात मिळाला तर उत्तम खूण. पण तिचे आणि देशी शमीचे पराग जवळच्या नात्यातले, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे काढणं कठीण. दोन मीटर खोल मिळाला तर शमी, बीळ, की सदरा, या तिन्ही शक्यता लिहून ठेवा.

सगळ्यांत मोठा चकवा खडकांचा. कच्छात ज्युरासिकपासून तृतीयक काळापर्यंतचे खडक उघडे पडलेत, पानंध्रोला लिग्नाइट आहे, आणि त्या सगळ्यांत त्यांचे स्वतःचे पराग आहेत. पावसात ते धुऊन आखाताच्या चिखलात येतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या थरांत नीपा या पाणपामाचे काटेरी पराग मिळतात. आज नीपा सुंदरबनात आहे, कच्छात नाही. नवखा माणूस चिखलात असा कण बघून ‘इथे पूर्वी नीपाचं वन होतं’ म्हणून उडी मारतो. कणाचा रंग बघा: जुने कण गडद, चपटे असतात आणि सॅफ्रानिन हे रंगद्रव्य घातलं तर त्याचा रंग इतरांपेक्षा वेगळा घेतात. असे कण वेगळ्या रकान्यात मोजा.

वय काढायला शिंपला पाठवणं सोपं वाटतं, पण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असल्यामुळे शिंपला शेकडो वर्षांनी थोराड दिसतो आणि दुरुस्ती लावावी लागते. तिवराचं मूळ उलट खोटं बोलतं: वरच्या काळातलं मूळ खालच्या थरात घुसलेलं असतं. जमिनीवरच्या झाडाचं पान, बी किंवा डहाळीचा कोळसा मिळाला तर तोच पाठवा. राजस्थानच्या खाऱ्या सरोवरांवर गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात परागांवरून जो ओला काळ दाखवला, तो हडप्पा संस्कृतीच्या भराशी जोडला गेला होता. १९९९ मध्ये त्यांतल्याच लुणकरणसर या सरोवराच्या गाळाची नव्यानं वयं काढली तेव्हा ते सरोवर त्याच्या कितीतरी आधी आटल्याचं दिसलं. कोअरमागे दोन वयांचे पैसे असतील तर पाच वयांचे मिळेपर्यंत थांबा, आणि तोवर मोजणी चालू ठेवा.